हस्ताक्षरी मराठी फॉन्ट पुन्हा पुन्हा का मोडतो? पत्रिका, पाट्या आणि पोस्ट करणाऱ्यांसाठी दुरुस्तीची वाट

गेल्या लग्नसराईत आमच्याकडे कुऱ्हाडे कुटुंबाची पत्रिका आली होती. मागणी एकच, "हाताने लिहिल्यासारखी दिसू दे, छापील नको." मजकूर व्हॉट्सॲपवर आला, मी तो कलम फॉन्टमध्ये टाकला आणि प्रूफ पाठवलं. त्यांनी पाहिलं, मी पाहिलं, माझ्या सहकाऱ्याने पाहिलं. साडेचारशे पत्रिका छापून झाल्यावर नवऱ्या मुलाच्या आत्याबाईंचा फोन आला, "दादा, आपलं आडनाव असं कधीपासून लिहायला लागले?" पत्रिकेवर ‘कुर्हाडे’ छापलं होतं. ‘हा’च्या डोक्यावर रफार! तिघांच्या नजरेखालून गेला आणि एकालाही खटकला नाही. हस्ताक्षरात अशा फटकाऱ्यांची डोळ्याला सवय असते. लेखणी जरा वर उडाली असेल, असं वाटून नजर पुढे सरकते.

पत्रिका पुन्हा छापून दिल्या. पण तेव्हापासून हस्ताक्षरी फॉन्टचं प्रत्येक बिघडलेलं काम मी एका वहीत टिपून ठेवतो. मुक्तासारख्या सरळ, छापील वळणाच्या फॉन्टमध्ये अक्षर मोडलं की लगेच दिसतं. हस्ताक्षरी फॉन्टमध्ये तीच मोड लेखणीची लकब समजून सोडून दिली जाते आणि थेट छापखान्यात पोचते. म्हणून या फॉन्टची तपासणी वेगळी आणि जास्त कडक हवी.

उदाहरणं मी मुख्यतः कलमची देतो, कारण तो बहुतेकांकडे असतो. इंडियन टाइप फाउंड्रीने तो २०१४ मध्ये आणला. देवनागरी अक्षरं लिपी रावल यांची, रोमन अक्षरं जॉनी पिनहॉर्न यांची. लाइट, रेग्युलर आणि बोल्ड अशी तीन वजनं आहेत, प्रत्येकात १,०२५ चिन्हं आहेत आणि परवाना खुला आहे, त्यामुळे व्यावसायिक कामातही बिनदिक्कत वापरता येतो. फेल्ट पेनने किंवा शाईच्या पेनने भरभर लिहावं तशी उजवीकडे झुकलेली अक्षरं. खाली सांगितलेलं बाकी सगळं तिल्लाना किंवा दुसऱ्या कोणत्याही हस्ताक्षरी देवनागरी फॉन्टलाही तसंच लागू पडतं.

आधी दोष कुठे आहे ते शोधा

"फॉन्ट खराब आहे" ही तक्रार घेऊन लोक येतात, तेव्हा बहुतेक वेळा फॉन्ट ठीक असतो. दोष तीन ठिकाणी असू शकतो: मजकुरात, सॉफ्टवेअरमध्ये किंवा फॉन्टमध्ये. ते वेगळे करायला पाच मिनिटं लागतात.

तीच ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाका आणि तिथे निर्मला किंवा मंगल फॉन्ट लावा. तिथेही शब्द चुकीचा दिसला तर मजकूरच चुकीचा आहे, फॉन्ट बदलून काही होणार नाही. तिथे बरोबर दिसला तर लिबरऑफिस रायटर उघडा आणि त्यात तोच हस्ताक्षरी फॉन्ट लावून बघा. लिबरऑफिस फुकट आहे आणि देवनागरीची जोडाक्षरं नीट जुळवतं, त्यामुळे तपासणीचा पाट म्हणून मी तेच वापरतो. रायटरमध्ये बरोबर आणि तुमच्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये चूक, तर सॉफ्टवेअरची सेटिंग बघायची. रायटरमध्येही चूक दिसली, तर मग फॉन्टला दोष द्यायचा.

हा क्रम सोडून लोक आधी फॉन्ट काढून पुन्हा टाकतात, मग दुसऱ्या संकेतस्थळावरून तोच फॉन्ट उतरवतात, मग संगणक फॉरमॅट करतात. असं करताना मी प्रत्यक्ष पाहिलंय.

मजकूर युनिकोड आहे का?

जुन्या डीटीपी केंद्रांतून आलेल्या फायलींत हा घोळ हमखास सापडतो. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधीच्या मराठी फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असत. संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षरंच होती, फक्त चेहरा मराठी. त्या काळातले कितीतरी सुंदर हस्ताक्षरी फॉन्ट अजूनही लोक जपून आहेत, आणि जपावेत असेच आहेत. पण तो मजकूर कलममध्ये टाकला की मराठी जाते आणि रोमन अक्षरांचा गाळ उरतो. उलट, युनिकोड मजकुराला तो जुना फॉन्ट लावला तर काहीच बदलत नाही, सॉफ्टवेअर गुपचूप दुसराच फॉन्ट दाखवतं आणि माणूस म्हणतो, "फॉन्ट लागतच नाही."

ओळखायची खूण सोपी आहे. मजकूर निवडून त्याला निर्मला लावा. मराठी मराठीच राहिली तर युनिकोड. इंग्रजी चिन्हांचा गोंधळ झाला तर जुनं एन्कोडिंग. मग परिवर्तक वापरून युनिकोड करून घ्यावं लागतं. त्यानंतर डोळ्यांत तेल घालून वाचायच्या जागा ठरलेल्या आहेत: ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’, ‘ॲ’, ‘ष्ट्र’, ‘द्ध’, रफार आणि अनुस्वार एकत्र आलेले शब्द, आणि विसर्ग. विसर्गाच्या जागी पुष्कळदा साधा अपूर्णविराम येऊन बसतो. ‘स्वतः’मधला विसर्ग असा हरवला, तर हस्ताक्षरी फॉन्टमध्ये तो फरक ओळखणं जवळजवळ अशक्य होतं, कारण दोन्हीकडे लेखणीचे दोन ठिपकेच दिसतात.

मजकुरात रिकामं ठिपक्यांचं वर्तुळ दिसत असेल तर एखादी मात्रा आधारावाचून लटकते आहे. जुन्या सवयीने पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकली की असं होतं. युनिकोडमध्ये ‘कि’ लिहिताना आधी क, मग वेलांटी. दिसायला ती डावीकडे असली तरी टंकायची नंतर.

वेलांटी पळते, जोडाक्षर फुटतं: सॉफ्टवेअरची सेटिंग

‘स्थिती’ हा शब्द ‘स्’ आणि ‘थ’ असा फुटून दिसतोय, पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेलीय, हलन्ताचे (अक्षराचा पाय मोडणाऱ्या खुणेचे) पाय उघडे पडलेत, ही लक्षणं एकत्र दिसली तर सॉफ्टवेअर देवनागरी जुळवतच नाही, फक्त चिन्हं एकापुढे एक मांडतंय.

फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात टेक्स्ट इंजिनचा पर्याय असतो. जुन्या आवृत्त्यांत तिथे ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ निवडायचं. नव्या आवृत्त्यांत ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ असं नाव दिसतं. आधीच तयार असलेला मजकूर स्वतःहून सुधारला नाही तर नवी फाइल उघडून तो पुन्हा पेस्ट करा. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागातला ‘शो इंडिक ऑप्शन्स’ चालू करा आणि पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून साउथ एशियन कंपोझर (अक्षरं आणि ओळी जुळवणारी व्यवस्था) निवडा. इनडिझाइनमध्ये त्याच मेनूत ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ आहे. इनडिझाइनमध्ये एक खबरदारी घ्या: कंपोझर पॅराग्राफ स्टाइलमध्येच बसवा. निवडलेल्या परिच्छेदापुरता बदल केला तर पुढच्या पानावर नवा मजकूर आला की तेच दुखणं परत. "काल नीट होतं, आज बिघडलं" या तक्रारीचं कारण माझ्या वहीत सर्वांत जास्त वेळा हेच आहे.

कोरलड्रॉची एक्स-६ च्या आधीची आवृत्ती असेल तर त्यात युनिकोड मराठीच्या मागे लागू नका. मजकूर इंकस्केपमध्ये लावा, तिथे वळणरेषांत (कर्व्ह्ज, म्हणजे टंकलेल्या अक्षरांऐवजी नुसते आकार) बदला आणि एसव्हीजी किंवा पीडीएफ म्हणून कोरलमध्ये आणा. व्हिडिओच्या कामातही हाच मार्ग धरा. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला मराठी जुळत नसेल तर पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी करून वर ठेवा.

मधलेच एक-दोन शब्द वेगळ्या फॉन्टमध्ये

पूर्ण ओळ हस्ताक्षरी आणि मध्येच एखादं अक्षर ताठ, छापील. फॉन्टमध्ये ते चिन्हच नसलं की सॉफ्टवेअर दुसरीकडून उसनं आणतं. यात पहिला मान ‘ॲ’चा. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आलं, त्यामुळे आधी घडलेल्या फॉन्टांत ते नसतं. ‘ॲड.’ लिहिलेली वकिलांची पाटी करताना हे आधीच तपासून घ्या. तसं असेल तर फॉन्ट बदलणं हाच प्रामाणिक उपाय. अ वर चंद्र टंकून काम भागवता येतं, पण काही फॉन्टांत तो चंद्र जागेवर बसत नाही, आणि मजकूर शोधताना ‘ॲ’ आणि तो जोड दोन वेगळ्या गोष्टी ठरतात.

याच जातीची आणखी एक चूक नव्याने काम करणारी मुलंमुली करतात. कॅव्हिएट किंवा पॅसिफिको हे रोमन हस्ताक्षरी फॉन्ट यादीत सुंदर दिसतात म्हणून मराठी मजकुराला लावतात. त्यांत देवनागरी नाहीच. पडद्यावर दिसते ती विंडोजवर निर्मला, मॅकवर कोहिनूर, अँड्रॉइडवर नोटो. म्हणजे एकच पोस्ट तीन यंत्रांवर तीन चेहऱ्यांची. फॉन्ट निवडताना नमुना मराठीतच वाचायचा. संकेतस्थळावर कलम स्वतःच्या सर्व्हरवरून देत असाल तर उतरवलेल्या फाइलमध्ये देवनागरी भाग आहे की फक्त लॅटिनचा तुकडा घेतलाय, तेही बघा.

‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’: मराठीचा खास काटा

आता कुऱ्हाड्यांच्या पत्रिकेकडे येतो. मराठीत र जोडाक्षरात पहिला आला की तो दोन तऱ्हांनी लिहिला जातो, आणि दोन्हींचा अर्थ वेगळा. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या. आचार्यास म्हणजे गुरूला, आचाऱ्यास म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याला. मुंजीच्या पत्रिकेत या दोघांची अदलाबदल झाली तर काय होईल, कल्पना करा. हिंदीत ही दुसरी तऱ्हा लागत नाही, त्यामुळे केवळ हिंदी डोळ्यांपुढे ठेवून तयार झालेल्या फॉन्टांत आणि साधनांत हिच्याकडे दुर्लक्ष झालेलं आढळतं.

युनिकोडमध्ये हा आडवा, पापणीसारखा र आणायचे दोन मार्ग आहेत. एक, साधा र, हलन्त आणि त्यानंतर झिरो-विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह. दुसरा, नुक्त्याचा (खाली ठिपका असलेला) ऱ, हलन्त आणि पुढचं अक्षर. कागदावर दोन्हींचा आकार सारखाच. पण पहिला मार्ग नाजूक आहे. ते अदृश्य चिन्ह एखाद्या फॉर्ममधून, मजकूर साफ करणाऱ्या साधनातून किंवा शोध-आणि-बदलमधून गळालं, की उरतो र, हलन्त आणि ह. त्याचा झाला रफार. आमच्याकडे नेमकं हेच घडलं. व्हॉट्सॲपवरून आलेल्या मजकुरातल्या जादा मोकळ्या जागा आणि अदृश्य चिन्हं एका फटक्यात काढायची माझी पद्धत होती. त्या झाडूने आडनावातली पापणीही झाडली गेली.

म्हणून माझा सल्ला ठाम आहे: नेहमी नुक्त्याचा ऱ वापरा. इनस्क्रिप्ट कळफलकावर र ज्या कळीवर आहे, तिथेच शिफ्ट दाबला की ऱ मिळतो. बाहेरून आलेल्या मजकुरात साफसफाई करण्यापूर्वी ‘र, हलन्त, जॉइनर’ हा क्रम शोधून त्या जागी ‘ऱ, हलन्त’ घाला. मग झाडू फिरवा.

एक अट मात्र आहे. काही फॉन्टांत ऱ आहे, पण त्याचा अर्धा आकार घडवलेलाच नाही. अशा वेळी ‘ऱ्या’ऐवजी खाली ठिपका असलेला र, त्याचा हलन्त आणि पुढे सुटा या दिसतो. त्या फॉन्टमध्ये जॉइनरचा मार्ग चालतो का ते बघा. तोही चालत नसेल तर मराठी कामाला तो फॉन्ट घेऊ नका, कितीही देखणा असला तरी. करणाऱ्या, येणाऱ्या, साऱ्यांच्या, वाऱ्यावर, तऱ्हा, बऱ्याच... मराठीचं एक पान या आकाराविना पुरं होत नाही.

शिरोरेषा: फट, ठिगळ आणि छेद

सगळ्यांत जास्त वेळ इथे जातो, म्हणून थोडं मागून सांगतो.

हाताने लिहिताना आपण आधी शब्दाची अक्षरं काढतो आणि मग वरून एक रेघ ओढतो. मोडी लिहिणारे तर उलट करत: आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारून घ्यायची आणि मग बोरूने तिच्याखाली न थांबता अक्षरं लटकवत जायचं. दोन्हीकडे शिरोरेषा अख्खी एकच. फॉन्टमध्ये तसं नसतं. तिथे प्रत्येक अक्षर स्वतःच्या वाट्याचा रेघेचा तुकडा घेऊन येतं आणि तो तुकडा शेजारच्या तुकड्यावर किंचित चढतो. त्या चढण्यामुळे रेघ सलग वाटते. छापील फॉन्टमध्ये हे तुकडे सरळ, सारख्या जाडीचे असतात आणि बेमालूम मिसळतात. हस्ताक्षरी फॉन्टमध्ये टोकं गोलसर, थोडी तिरकी, जाडी कमीजास्त. म्हणून जोड कच्चा असतो आणि जरा धक्का लागला की उघडा पडतो.

पहिला धक्का म्हणजे अक्षरांमधलं अंतर. मोकळंमोकळं छान दिसतं म्हणून इंग्रजी शीर्षकांत ट्रॅकिंग वाढवतात. तीच सवय मराठीत आली की शिरोरेषेचे तुकडे सुटतात आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. मराठी हस्ताक्षरी मजकुरासाठी ट्रॅकिंग शून्य. संकेतस्थळावर लेटर-स्पेसिंग शून्य, आणि ते थेट मराठी मजकुराच्या घटकावर लिहा, कारण थीमने शीर्षकांना दिलेलं अंतर वारशाने खाली झिरपतं. इनडिझाइनमध्ये ओळी दोन्ही बाजूंनी सारख्या करताना जस्टिफिकेशनच्या खिडकीत लेटर स्पेसिंगच्या तिन्ही रकान्यांत शून्य आहे ना, ते पाहा. नाहीतर फक्त काही ओळींतच फटी पडतात आणि कारण सापडत नाही. खरं तर हस्ताक्षरी मजकूर दोन्ही बाजूंनी सारखा करूच नये. हाताने लिहिणारा माणूस उजवी कड कधी सरळ ठेवतो? डावीकडून लावा, उजवी कड मोकळी सोडा.

मोकळेपणा हवाच असेल तर शब्दांमधलं अंतर वाढवा, ओळींमधलं वाढवा. अक्षरांमधलं नको.

दुसरा धक्का बसतो अक्षरांना बाह्यरेषा दिली की. सोनेरी कडा, पांढरी कडा, स्टिकरसारखी जाड किनार, हे सगळं करताना प्रत्येक अक्षराला स्वतंत्र कडा लागते आणि तुकडे जिथे एकमेकांवर चढलेत तिथे बारीक उभ्या चिरा दिसतात. वळणरेषांत बदलून पारदर्शकता कमी केली तर त्याच जागी गडद ठिगळं पडतात. उपाय: आधी मजकूर वळणरेषांत बदला, मग इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरचं ‘युनाइट’, कोरलमध्ये ‘वेल्ड’, इंकस्केपमध्ये ‘युनियन’. अख्खा शब्द एक आकार झाला की मग कडा द्या. कोरल वापरणाऱ्यांनी ‘वेल्ड’ऐवजी ‘कंबाइन’ दाबू नये. कंबाइनमध्ये चढलेला भाग पोकळ होतो आणि शिरोरेषेत पांढरे चौकोन पडतात. फ्लेक्सवर लांबून ते दिसत नाहीत, जवळून फार वाईट दिसतात.

रेडियम किंवा व्हिनाइल कापायच्या प्लॉटरला तर वेल्डशिवाय फाइल देऊच नका. पडद्यावर काळा भरलेला शब्द सलग दिसतो, पण यंत्र भरलेला रंग बघत नाही, फक्त कडा बघतं. प्रत्येक जोडावर ते आडवे छेद देतं आणि चिकटवताना शिरोरेषेचे तुकडे हातात येतात. वेल्ड केलेल्या शब्दात मात्र देवनागरीचा एक मोठा फायदा आहे: शिरोरेषेमुळे सगळा शब्द एका तुकड्यात उचलला जातो. रोमन अक्षरं एकेक करून लावावी लागतात, ‘श्रीगणेश’ एकाच ओढीत लागतो. ॲक्रिलिकच्या नावपाट्या लेझरने कापणाऱ्यांनाही हाच लाभ. ग, ण, श यांचा सुटा दंडसुद्धा वरच्या रेघेला धरून राहतो. सुटून पडतात ते अनुस्वार, विसर्ग आणि चंद्रबिंदूचा ठिपका. ते मागच्या पाटावर वेगळे चिकटवायचे, किंवा मागे पाट नसेल तर अनुस्वार जरा खाली ओढून शिरोरेषेला टेकवायचा. टेकवताना तो मात्रेसारखा दिसू लागणार नाही, एवढं बघा. हस्ताक्षरी फॉन्टमध्ये अनुस्वार बहुधा छोट्या तिरक्या फटक्यासारखा असतो, त्यामुळे ही भीती खरी आहे.

कापायच्या कामाला कलमचा लाइट वापरू नका. लहान मापात शिरोरेषा इतकी बारीक होते की व्हिनाइल सोलताना तुटते. बोल्ड घ्या. कलमच्या बोल्डमध्ये आणखी एक सोय आहे: लाइट आणि रेग्युलरमध्ये अक्षरांच्या गाठी (म, भ यांतल्यासारख्या) मोकळ्या आहेत, बोल्डमध्ये त्या भरीव ठेवल्यात, त्यामुळे त्या बारीक पोकळ्या कापाव्या लागत नाहीत.

आणि हो, वेल्ड करण्यापूर्वीची, टंकता येणारी फाइल वेगळ्या नावाने ठेवा. वेल्ड झालेल्या शब्दात वेलांटी दुरुस्त करता येत नाही.

खोटा जाडपणा, खोटा तिरकेपणा

वर्डमध्ये ‘बी’ (बोल्ड) दाबलं आणि यंत्रात कलम बोल्डची फाइल नसली, तर सॉफ्टवेअर रेग्युलरलाच फुगवतं. गाठी भरतात, ‘ष्ठ’ आणि ‘ष्ट’ एकसारखे दिसू लागतात. तिन्ही वजनं यंत्रावर टाका आणि यादीतून बोल्ड निवडा. ‘आय’ (इटॅलिक) तर दाबूच नका. अक्षरं आधीच झुकलेली आहेत, आणखी झुकवली की पडतात.

मात्रा कापल्या जातात

‘सर्वांनी’, ‘कर्तृत्व’, ‘हृद्य’ या शब्दांना वर आणि खाली दोन्हीकडे जागा लागते. हस्ताक्षरी फॉन्टच्या मात्रा लांब असतात. ओळींमधलं अंतर अक्षराच्या मापाच्या किमान दीडपट ठेवा, शीर्षक दोन ओळींचं असेल तर वरच्या ओळीतले उकार आणि खालच्या ओळीतले रफार भिडत नाहीत ना ते बघा. फोनवरच्या ॲपमध्ये चौकटीची कड वेलांटी खात असेल तर शब्दाच्या आगेमागे एकेक मोकळी जागा सोडली की पुष्कळदा भागतं.

ल आणि श हिंदी वळणाचे का येतात?

मराठीचा पाकळीचा ल आणि देठाचा श आपल्याला शाळेपासून ओळखीचा. पुष्कळ फॉन्टांत हे दोन्ही आकार दडलेले असतात, पण मजकूर मराठी आहे हे सॉफ्टवेअरला सांगितल्याशिवाय ते बाहेर येत नाहीत. संकेतस्थळावर पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवा. ‘एचआय’ (हिंदी) लिहिलेलं असेल तर ते ‘एमआर’ (मराठी) करा. इनडिझाइनमध्ये कॅरेक्टर पॅनेलमध्ये भाषा मराठी निवडा. फॉन्टमध्ये मराठी आकार नसतील तर या खटाटोपाने काही बदलणार नाही. एखाद्या शुभेच्छापत्रावर मी ते चालवून घेतो, लहान मुलांच्या पुस्तकात चालवून घेत नाही. नुकतं अक्षर गिरवायला शिकलेल्या मुलाला शाळेत एक ल आणि गोष्टीच्या पुस्तकात दुसरा ल का द्यावा?

हा फॉन्ट कुठे शोभतो

अर्ध्या अडचणी फॉन्ट चुकीच्या जागी वापरल्यामुळे येतात. पत्रिकेत वधूवरांची नावं आणि आग्रहाच्या दोन ओळी हस्ताक्षरी. मुहूर्त, पत्ता, दूरध्वनी मुक्तासारख्या साध्या फॉन्टमध्ये. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेचा मुक्ता कलमशेजारी शांत बसतो, भांडत नाही. पाककृतीचं कार्ड, वर्गातल्या भिंतीवरचा तक्ता, चित्रकथेतले संवाद, छायाचित्राखालची ओळ, दुकानात रोज बदलणारी दराची पाटी, इथे हस्ताक्षर आपलंसं वाटतं, कारण तिथे पूर्वी खरोखरच कुणीतरी हाताने लिहीत असे. औषधाचं नाव आणि मात्रा, खातेक्रमांक, नकाशा यांत ते कटाक्षाने टाळा.

नाटकाच्या किंवा पुस्तकाच्या नावासाठी ग्राहक हस्ताक्षरी फॉन्ट मागतात, तेव्हा मी त्यांना अक्षरलेखनकार कमल शेडगे यांची कामं दाखवतो. त्यांनी नाटकांची नावं त्या त्या नाटकासाठी काढली. अक्षराचं वळण नाटकातून आलं. फॉन्टमध्ये ‘रारंगढांग’सारख्या शब्दातले दोन्ही ‘ग’ हुबेहूब एकसारखे येतात आणि हाताने लिहिल्याचा भास तिथेच संपतो. चार-पाच अक्षरांचं नाव असेल तर वळणरेषांत बदलून दुसऱ्या ‘ग’चा दंड थोडा आखूड करा, किंवा अक्षरलेखन करणाऱ्या कलाकाराकडे जा आणि त्याचं मानधन ग्राहकाच्या खर्चात धरा. ते पैसे सत्कारणी लागतात.

आता आमच्याकडे प्रूफ कसं जातं

आधी सगळा मजकूर मुक्तात लावून ग्राहकाला वाचायला देतो आणि त्यावर होकार घेतो. मग हस्ताक्षरी फॉन्ट लावतो. दोन्ही प्रती शेजारी ठेवून एकजण साध्या प्रतीतून मोठ्याने वाचतो, दुसरा हस्ताक्षरी प्रतीवर बोट फिरवतो. नावं आणि आडनावं उलट्या क्रमाने, शेवटून पहिल्याकडे, म्हणजे ओळीच्या ओघात डोळा घसरत नाही. छापायला जाणारी पीडीएफ उघडून पुन्हा एकदा तेच. वळणरेषांत बदलताना काही हललं तर ते इथे सापडतं.

नवा हस्ताक्षरी फॉन्ट आला की आधी ही ओळ त्यात लावतो. तुम्हीही घ्या, हवी तशी वाढवा:

॥ श्री ॥ ॲड. कुऱ्हाडे व सौ. गोऱ्हे ऑक्टोबरमध्ये दऱ्याखोऱ्यांतून, वाऱ्यापावसातून विठ्ठल-रुक्मिणीच्या दर्शनाला श्रद्धेने गेले; राष्ट्रीय ज्ञानपीठाचं उद्घाटन, शुक्ल पक्षातली लक्ष्मीपूजा, हृद्य ऋणानुबंध, सर्वांचं कर्तृत्व, स्वतःचं दुःख, ङ ञ ळ क्ष, १२३४५६७८९०.

यातलं पहिलं मोडणारं अक्षर बहुधा ‘गोऱ्हे’त सापडतं. तिथे पापणी उभी राहिली आणि ‘ॲड.’ त्याच हातचा दिसला, तर तो फॉन्ट मी ‘पत्रिका’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकतो. बाकीचे ‘फक्त शुभेच्छा’ या फोल्डरमध्ये.